घरच्या गाड्यांसाठी टायर बदलण्याचे यंत्र घ्यावे का?

प्रश्न:
नमस्कार. आमच्याकडे एक मोटार, दोन पिकअप आणि एक ट्रॅक्टर आहे. टायरचे दुकान तालुक्याच्या गावी असल्यामुळे ऐन हंगामात एका टायरसाठी गाडीची अर्धा दिवस खोटी होते. ब्रेक आणि ऑइलची कामे मी घरीच करतो. म्हणून जुने टायर चेंजर घेण्याचा विचार आहे. घेताना काय पाहावे, आणि ट्रॅक्टरची चाके त्यावर बसतील का?

प्रतिसाद १:
यंत्राआधी हवेचा विचार करावा. टायरची कड रिमपासून सोडवणारा भाग आणि रिम पकडणारे जबडे हे दोन्ही हवेवर चालतात. त्यांना साधारण ८ ते १० बार दाब लागतो, म्हणजे पुरेशा टाकीचा कॉम्प्रेसर नसेल तर यंत्र नुसते उभे राहील. मोटर सिंगल फेजचीच घ्यावी, कारण शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज दिवसभर मिळत नाही. जुन्या यंत्राचे पेडल दाबून धरावे आणि सिलिंडरमधून हवा गळते का ते कान देऊन ऐकावे. जबड्यांचे दाते झिजलेले नसावेत व उभ्या दांड्याला खेळ नसावा, कारण टायर चढवणारे डोके रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर स्थिर राहिले नाही तर रिमवर ओरखडे पडतात. अलॉय व्हीलसाठी प्लास्टिकची आवरणे मागून घ्यावीत.

प्रतिसाद २:
ट्रॅक्टरची पुढची ६.००-१६ ची चाके बहुधा बसतील. मागची २८ इंची रिम मात्र मोटारीच्या यंत्रावर बसत नाही, शिवाय त्या टायरमध्ये अनेकदा वजनासाठी पाणी भरलेले असते. तिथे टॉमीच (टायर उचकटायची लोखंडी कांब) हवी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पंक्चरसाठीही यंत्र उपयोगी पडेल ना?

प्रतिसाद १:
ट्यूबलेस टायरच्या तळव्यात खिळा घुसला असेल तर टायर न उतरवता पट्टीने काम भागते, त्यामुळे आपल्या चार गाड्यांचे टायर वर्षातून मोजक्याच वेळा यंत्रावर चढतील. शिवाय नवा टायर बसवल्यावर बॅलन्सिंगसाठी (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करण्यासाठी) दुकानात जावे लागेलच. माझ्या मते आधी चांगला कॉम्प्रेसर घ्यावा. शेजारच्या दोन-तीन गाडीमालकांनी खर्चात वाटा उचलला, तरच यंत्र परवडेल.

प्रतिसाद ३:
एक कळकळीची विनंती आहे. कड रिमवर बसवताना हवा ४० पीएसआयच्या वर नेऊ नये. तेवढ्यात कड बसली नाही, तर हवा पूर्ण सोडून, टायरचा साबण पुन्हा लावून प्रयत्न करावा. या वेळी टायरवर वाकून उभे राहू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.