‘एजंट टाका आणि विसरा’ म्हणे!

रात्रपाळी:
एका सज्जनांनी काल लिहिलंय की सर्व्हर पॅच करायला, म्हणजे त्यांवर दुरुस्त्या बसवायला, क्लाउडवरचं टूल घ्या, सगळीकडे त्याचा एजंट टाका आणि विसरून जा. डब्ल्यूसस, म्हणजे स्वतःच्या जागेत बसवायचं मायक्रोसॉफ्टचं अपडेटचं टूल, कुरवाळत बसणारे काळाच्या मागे पडलेत म्हणे. तिथेच उत्तर द्यायला गेलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

विसरून जा? रूटच्या, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या, हक्काने चालणारा, बाहेरून हुकूम घेणारा प्रोग्राम सर्व्हरवर बसवायचा आणि विसरायचं? १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीकडून एक सदोष फाइल गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळा पडदा दाखवत बसली. ते पॅचिंगचं टूल नव्हतं, ठाऊक आहे, ते सांगायला कुणी येऊ नका. ज्यांनी त्यांच्या एजंटची (सेन्सरची) आवृत्ती मुद्दाम एक पायरी मागे ठेवली होती तेही आडवे झाले, कारण ही फाइल त्या सेटिंगला जुमानतच नव्हती. म्हणून टूल निवडताना माझा पहिला प्रश्न एकच: अपडेट मला अडवता येतं का? आधी चाचणीचे सर्व्हर, थोडं थांबून दुय्यम, मग मुख्य. हे जमत नसेल तर डॅशबोर्ड कितीही देखणा असो, नको.

क्रॉनजॉब:
सोयीचं तेवढंच आठवतं तुम्हाला. जुलै २०२१, कसेया कंपनीच्या व्हीएसए या दुरून यंत्रं सांभाळायच्या टूलमधून झालेला खंडणीचा हल्ला. फटका कुणाला बसला? व्हीएसए स्वतःच्या जागेत बसवलेल्यांना. क्लाउडवाली आवृत्ती कंपनीने खबरदारी म्हणून बंद केली होती. आणि तुमचं लाडकं डब्ल्यूसस? त्यात आता नवीन काही येणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्येच सांगून टाकलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर त्यातच असं भोक निघालं की लॉगिन न करता कुणीही कोड चालवावा. दरमहा एका मंगळवारी येणारा नेहमीचा पॅच पुरला नाही, दुसरा तातडीने काढावा लागला. कुंपणच शेत खातंय, आणि तुम्ही कुंपणाची बाजू घेताय.

रात्रपाळी:
डब्ल्यूसस माझं लाडकं आहे असं मी कुठे लिहिलं? आधी वाचा, मग तुटून पडा.

जुनाखोड:
भांडा निवांत. पण ज्यांच्या निम्म्या सर्व्हरना इंटरनेटच नाही त्यांनी काय करायचं? एजंटला बाहेर जायला ४४३ पोर्ट, म्हणजे नेटवर्कचं एक दार, लागतं. ‘आत येणारं काहीच उघडावं लागत नाही’ हे विक्रेता पुन्हा पुन्हा ऐकवतो, पण आमच्या फायरवॉलवाल्यांना बाहेर जाणारंही खुपतं. शिवाय हिशेब बघा. मायक्रोसॉफ्टचं क्लाउडवरचं ॲझ्युर अपडेट मॅनेजर ॲझ्युरमधल्या यंत्रांना फुकट, स्वतःच्या जागेतला सर्व्हर त्यांच्या आर्क या सेवेतून जोडला की दर सर्व्हरमागे दरमहा पैसे. हे प्रेझेंटेशनमध्ये बारीक अक्षरांत होतं.

रूट_कारण:
टूलचं काय घेऊन बसलात सगळे? पॅच लागतो हो, रीबूट होत नाही! डॅशबोर्ड हिरवागार, आणि चालू कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, मागच्या वर्षीचा. मी होतो तिथे ॲप टीमकडे रीबूटची वेळ मागितली की आज महिनाअखेर, उद्या ऑडिट, परवा साहेबांचा डेमो. शेवटी एकदाची मिळाली आणि सर्व्हर उठेचना. का? कुणीतरी कधीकाळी एक डिस्क हाताने माउंट केली होती, नंतर एफस्टॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, नोंद टाकताना ती चुकवली होती. रीबूटच नाही, तर कळणार कसं? बोल मात्र पॅचला लागला.

जुनाखोड:
रीबूट न करता पॅच लावायची, लाइव्ह पॅचिंग नावाची गोष्ट असते.

रूट_कारण:
बहुतेक ठिकाणी कर्नलपुरती असते, तीही साहेब, निवडक दुरुस्त्यांसाठी. ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी बदलली तरी चालू सेवा जुनीच प्रत मेमरीत धरून बसते. ती रीस्टार्ट करायलाही पुन्हा त्यांचीच परवानगी.

ॲपवाली:
उगाच आमच्या नावाने खडे फोडू नका. परवानगी का देत नाही ते ऐका. आमच्या क्लस्टरच्या, म्हणजे एक पडला तर दुसऱ्याने सांभाळायच्या जोडीच्या, दोन्ही सर्व्हरना (नोडना) इन्फ्राच्या माणसाने एकच टॅग, म्हणजे गटाची खूण, लावला होता. मेंटेनन्स विंडो उघडली, टूलने आज्ञाधारकपणे दोन्ही एकदम रीबूट केले. रात्रभर फोन आम्ही घेतले, आणि अहवालात काय, तर ‘पॅचिंग १०० टक्के यशस्वी’. नोव्हेंबर २०२४ पण आठवा ना. बाहेरच्या कंपन्यांची पॅच टूल्स वापरणाऱ्या कित्येकांचे विंडोज सर्व्हर २०२२ रातोरात २०२५ झाले! परतीचा रस्ता म्हणजे बॅकअप, असला तर. यावर आम्ही डोळे मिटून सही करायची?

क्रॉनजॉब:
आणि तुम्ही ॲपसोबत आणलेल्या जार फायलींचं, म्हणजे जावाच्या लायब्ररींचं, काय? डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे ही भोक निघालेली लायब्ररी शोधताना ओएसचं पॅच टूल ‘सगळं ठीक’ म्हणत होतं, कारण ती लायब्ररी पॅकेज म्हणून बसवलेलीच नव्हती. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीचंही तेच. त्यांच्या ॲपमधल्या स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कचा पॅच मार्च २०१७ मध्ये आला, घुसखोरी मे महिन्यात, १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली.

ॲपवाली:
मुद्दा बरोबर आहे, सांगायची पद्धत नाही. शिवाय हा क्लाउडच्या बाजूचा मुद्दा कसा झाला तेही कळलं नाही. तुमच्या क्लाउडवाल्या टूललाही ती जार दिसली नसतीच.

क्रॉनजॉब:
नसती. खूश?

रात्रपाळी:
धागा रीबूटवर गेला, जाऊ दे. आमच्याकडे या तिमाहीत निर्णय करायचाच आहे. जुनं सांभाळायला माणूस उरलेला नाही, त्यामुळे बहुतेक क्लाउडवरचंच घ्यावं लागेल. पण आपोआप मंजुरी बंद, सुरक्षा पॅच सोडून बाकी वर्ग बंद, डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची लॉगिन तपासणारे सर्व्हर, पूर्ण वेगळ्या गटात, आणि त्या कन्सोलवर दुहेरी पडताळणीशिवाय कुणालाही प्रवेश नाही.

क्रॉनजॉब:
म्हणजे एवढा गोंधळ घालून घेणार क्लाउडवरचंच. स्वागत आहे.

रात्रपाळी:
घेणार आहे, विसरणार नाही. फरक कळत नसेल तर सोडून द्या.

रूट_कारण:
आणि रीबूटची वेळ करारातच लिहून घ्या, महिन्यातून एकदा, ठरलेल्या रात्री. दर वेळी मागायला जाणार नाही म्हणावं.

ॲपवाली:
लिहा की. एकाच क्लस्टरचे दोन नोड एका रात्री नाहीत, हेही त्याच कागदावर लिहा. आणि टॅग आम्ही लावणार.