'ग्रेप' म्हणजे मुळात द्राक्ष नव्हेच

कुणीतरी विचारलंय की ग्रेपफ्रूट तर मोसंब्याच्या जातकुळीतलं, मग त्याच्या नावात द्राक्ष कुठून आलं? उत्तर 'ग्रेप' या शब्दाच्या पोटातच आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये 'ग्रेप' म्हणजे द्राक्षाचा मणी नव्हे, अख्खा घड! त्याच्याही मागे जर्मानिक भाषाकुळातला आकड्याचा, म्हणजे हूकचा, अर्थ आहे, कारण वेलीवरचे घड आकड्याने ओढून तोडत. 'ग्रॅपल' (घट्ट पकडणं) त्याच घरातला. इंग्रजीत मात्र घडाचं नाव मण्याला चिकटलं. त्याआधी इंग्रज द्राक्षाला 'वाइनबेरी' अशा अर्थाचा शब्द वापरत. ग्रेपफ्रूट झाडावर घोसाने लागतं, म्हणून ते नाव, असं सहसा सांगतात.

आमची बाग निफाड तालुक्यात. तोडणीला बायका देठ दोन बोटांत धरतात, कात्री लावतात आणि घड क्रेटमध्ये अलगद ठेवतात. मण्यांना हात लावायचा नाही, वरची पांढरट लव पुसली जाते. पूर्ण तोडणीत हाती येतो तो घडच, सुटा मणी नाही. त्यामुळे हा जुना अर्थ मला फार जवळचा वाटतो.

आणखी एक गंमत. फ्रेंचमध्ये आजही 'रेझँ' म्हणजे ताजं द्राक्ष, इंग्रजीत तोच शब्द 'रेझिन' (मनुका) होऊन सुकला. 'करंट' (बारीक काळी मनुका) हा शब्द आला ग्रीसच्या कॉरिंथवरून. आणि आपला बेदाणा फारसी: बे-दाना, बिनबियांचा. म्हणून बी असलेल्या काळ्या मनुकेला कुणी बेदाणा म्हटलं की मला खटकतं.