यूकेला जाताना खिशातला चाकू न्यावा का? ‘तीन इंचापर्यंत चालतो’ हे कितपत खरं?

केळीबाग_यावल:
धाकटा भाऊ सप्टेंबरात एमएससीला शेफील्डला चालला आहे. बागेत काम करणाऱ्या कुणाच्याही खिशात असतो तसा घडीचा चाकू त्याच्याही खिशात कायम असतो. सुतळी कापा, ठिबकची नळी कापा, पेरू कापा. आता बॅग भरताना घरात वाद सुरू झाला आहे. त्याला तीन चाकूंपैकी एक न्यायचा आहे: व्हिक्टोरिनॉक्सचा लाल (91 मिमीचा), ओपिनेल 8 नंबर, आणि सारंगखेड्याच्या यात्रेतला खटक्याचा. आईनं विळी काढून ठेवली आहे, आणि लेस्टरच्या मामांसाठी अडकित्ताही द्यायचा आहे.
व्हॉट्सॲपवर एकानं सांगितलं की तिकडे तीन इंचापर्यंत काहीही चालतं. दुसरा म्हणतो, नेलकटर सापडलं तरी आत टाकतात. खरं काय ते जाणकारांनी सांगावं.

अमळनेर_ते_लेस्टर:
दोघंही चूक, भो. पण पहिला जास्त धोक्याचा, कारण त्याचं अर्धं बरोबर आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1988 च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टचं कलम 139 लागतं. सार्वजनिक जागी पातं किंवा तीक्ष्ण टोक असलेली वस्तू सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा. त्यातून सूट एकाच वस्तूला, ती म्हणजे घडीचा खिशातला चाकू, आणि त्याच्या पात्याची धार 3 इंचांपेक्षा, म्हणजे 7.62 सेंमीपेक्षा जास्त नको. लोक इथवर वाचतात आणि थांबतात.

पुढचा भाग कायद्याच्या मजकुरात सापडतच नाही, तो कोर्टाच्या निकालांतून आला. चाकू ‘घडीचा’ ठरायला तो कुठल्याही क्षणी नुसता दुमडून बंद झाला पाहिजे. उघडल्यावर पातं लॉक होत असेल आणि बंद करायला बटण, पट्टी किंवा कडी सरकवावी लागत असेल, तर कोर्टाच्या लेखी तो घडीचा नाहीच, सरळ पात्याचा चाकू झाला. मग पातं दोन इंचाचं असो की एक, सूट गेली.

तुझे तीन चाकू या कसोटीवर लाव:

लाल व्हिक्टोरिनॉक्स, 91 मिमीचा: पातं लॉक होत नाही, धार तीन इंचाच्या आत. चालतो. (91 मिमी ही बंद चाकूची लांबी, पात्याची नव्हे. त्याच कंपनीच्या 111 मिमीच्या मॉडेलांत पातं लॉक होतं, ती नकोत.)

ओपिनेल 8: पातं साडेआठ सेंमी, शिवाय मानेवर फिरणारी कडी. दोन्हीकडून नापास. 6 नंबरचं पातं सात सेंमीच्या आसपास, म्हणजे मापात बसतं, पण कडी 6 पासून पुढे सगळ्यांना असते. 5 आणि त्याखालचे बिनकडीचे.

खटक्याचा: याचा विषयच काढू नका. बटण दाबून आपोआप उघडणारा चाकू तिथे आणणं आणि विकणं 1959 च्या कायद्यानं बंद आहे, आणि 14 जुलै 2021 पासून तर घरात ठेवणंही गुन्हा. ‘पेटीतच होता’ म्हणून सुटका नाही.

वकील_धुळे:
वरच्या उत्तराला पुरवणी.

‘सबळ कारण’ सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. स्वयंपाकी आपल्या सुऱ्या कामावर नेतो आणि घरी आणतो, हे कारण. मासेमारीला निघालेल्याच्या पेटीतली सुरी, हेही कारण. पण तीच सुरी पुढच्या आठवड्यात गाडीच्या डिकीत पडून राहिली आणि नाक्यावर सापडली, तर ‘काढायची विसरलो’ एवढंच म्हणून भागत नाही. कारण त्या वेळेला, त्या जागी लागू पडलं पाहिजे. रस्त्यावरच्या गाडीत ठेवलेली वस्तूही सार्वजनिक जागी बाळगल्यासारखीच धरतात. धार्मिक कारण (उदाहरणार्थ शिखांचं कृपाण), राष्ट्रीय पोशाखाचा भाग आणि कामाचं अवजार हे बचाव कायद्यात वेगळे दिले आहेत.

कायदा किती कडक वाचला जातो याचा नमुना म्हणजे 2005 चा ब्रूकर खटला. चाकू लोणी लावायचा, धार नाही, टोक नाही. तरी कोर्ट म्हणालं की पातं आहे, म्हणजे कलमात बसतो. उलट स्क्रू ड्रायव्हर पातं असलेली वस्तू नाही, असं 1998 मध्ये ठरलं.

शिक्षा जास्तीत जास्त चार वर्षं, स्कॉटलंडमध्ये पाच. दुसऱ्यांदा सापडलेल्या प्रौढाला इंग्लंडमध्ये 2015 पासून साधारणपणे किमान सहा महिने. विद्यार्थ्याच्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोलिसांनी नुसती लेखी ताकीद दिली तरी पुढच्या विसाच्या अर्जात ती लिहावी लागते.

आपल्याकडच्या सवयीनं विचार करू नका. आपल्या शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांची गोष्ट आहे, आणि घरगुती व शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. जळगाव-धुळ्यात सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली शस्त्रबंदी लागते, पण ती ठरावीक मुदतीची. ब्रिटनमधली बंदी मात्र बाराही महिने असते आणि घराच्या उंबऱ्याबाहेर पाय ठेवला की सुरू होते.

केळीबाग_यावल:
खूप आभार. म्हणजे लाल चाकू नक्की. एक शंका: रात्री लायब्ररीतून एकटं यायचं असतं. कुणी विचारलंच तर ‘स्वतःच्या रक्षणासाठी ठेवला’ असं म्हटलेलं बरं ना? खोटंही नाही.

वकील_धुळे:
हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही!

1953 चा प्रिव्हेन्शन ऑफ क्राइम ॲक्ट वेगळा आहे. इजा करण्याच्या हेतूनं बाळगलेली कुठलीही वस्तू ‘हल्ल्याचं हत्यार’ ठरते, तिथे माप नाही, लॉक नाही, काही नाही. ‘कुणी आलंच तर वापरीन’ हाच तो हेतू. म्हणजे पूर्णपणे कायदेशीर असलेला दोन इंची चाकू या एका वाक्यानं बेकायदा होतो. आणि हे खोटं बोलून लपवायचं प्रकरण नव्हे. मनात तसं असेल तर चाकू घरीच ठेवायचा.

चोपडा_अवजारे:
कायद्याचं झालं, आता वस्तूचं सांगतो.

चाकू लॉक होतो का ते असं बघा. पूर्ण उघडा. पात्याच्या मिटण्याच्या वाटेत एकही बोट नको, मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा. आता पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळू दाबा. आतल्या पट्टी-स्प्रिंगचा जोर सुटून पातं मिटायला लागलं, तर लॉक नाही. अजिबात हललं नाही, तर मुठीच्या आत बघा. एक पातळ पट्टी आडवी येऊन पात्याच्या बुडाला टेकलेली दिसेल, किंवा पाठीवर दाबायची खाच असेल. ते लॉक. मल्टिटूलमध्ये लोक इथेच फसतात. लेदरमन वेव्हसारख्या पकडवाल्या अवजारात बाहेरची पाती लॉक होतात, आणि दुकानदार ‘हा तर पान्हा आहे’ म्हणून विकतो.

केळीच्या बागेत वापरलेल्या चाकूचा सांधा चिकानं काळा पडून इतका घट्ट होतो की लॉक असल्यासारखाच वाटतो. कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून जुन्या ब्रशनं सांधा घासा, कोरडा करा, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा, पाचसहा वेळा उघडमीट करा, मगच वरची परीक्षा घ्या.

मापाचं म्हणाल तर कायदा धारेबद्दल बोलतो, पण तुम्ही टोकापासून मुठीपर्यंतचं अख्खं पातं मोजा आणि तेच तीन इंचात बसवा. रस्त्यावर फूटपट्टी घेऊन वाद घालायचं काम उरत नाही.

पॅकिंग: हातातल्या बॅगेत यातलं काहीही नाही, सगळं चेक-इनमध्ये. विळीच्या पात्यावर पुठ्ठ्याची दुहेरी पट्टी चढवायची, वर चिकटपट्टी, मग जुनं धोतर किंवा टॉवेल गुंडाळून बॅगेच्या मधोमध. सामान तपासणारा माणूस आत हात घालतो, त्याचं बोट कापता कामा नये. नारळ खवायची खवणी पुढे असेल तर तिच्या दात्यांवरही पुठ्ठा. अडकित्ता मिटवून सुतळीनं बांधा.

तापीथडी:
विळी नेता येते म्हणजे भरताची सोय झाली. वांगी मात्र तिकडे आपल्यासारखी हिरवी मिळायची नाहीत.

अमळनेर_ते_लेस्टर:
@चोपडा_अवजारे, उत्तम. विळी आणि अडकित्ता बंदीच्या यादीत नाहीत, पण तीन इंचाची सूट त्यांना लागू होत नाही, कारण ती फक्त घडीच्या चाकूला आहे. म्हणून विमानतळावरून बॅग थेट घरी न्यायची, वाटेत उघडायची नाही. सामान घेऊन घरी चाललो आहे, हे सरळ सरळ कारण आहे. मामांचा अडकित्ता शेफील्डहून लेस्टरला नेतानाही तसाच बांधलेला, बॅगेच्या तळाशी. पानसुपारीच्या डब्यासोबत कोटाच्या खिशात नको.

आता लोकांच्या नजरेचं. कायद्यात बसतं ते सगळं लोकांना चालतं असं नाही. शेफील्ड म्हणजे चाकू-सुऱ्यांचंच शहर, बिनलॉकचे पारंपरिक चाकू तिथे आजही बनतात. खेड्यात शेतकऱ्याच्या खिशात असा चाकू दिसला तर कुणी वळूनही बघत नाही. पण शहरातल्या ट्राममध्ये सफरचंद कापायला तोच काढला, तर शेजारचा उठून जाईल, कदाचित पोलिसांना फोनही करील. पोरांच्या हातून पोरं मरण्याच्या बातम्यांनी लोक हबकले आहेत. श्रॉपशरमध्ये पोलिसांकडे जमा झालेल्या सुमारे एक लाख चाकूंचा एक देवदूताचा पुतळा उभा केला गेला, तो गावोगाव फिरवला गेला. झोंबी चाकू म्हणतात त्या प्रकारच्या (भयपटातल्या हत्यारांसारख्या मोठ्या, टोकदार) सुऱ्या आणि तसले कोयते 24 सप्टेंबर 2024 पासून बंद, निंजा तलवारी 1 ऑगस्ट 2025 पासून. स्वयंपाकाच्या सुऱ्यांना टोकच नको, ही मागणी डॉक्टरांनी 2005 मध्येच मांडली होती, ती आता पुन्हा जोरात आहे. माझं मत विचाराल तर खिशातल्या छोट्या चाकूनं कुणाचं काही बिघडत नाही, पण नव्या पोरानं हे तिथे पटवून द्यायला जाऊ नये.

तिथे सुरी विकत घ्यायलाही वय 18 लागतं, आणि 25 च्या आतला दिसणाऱ्याकडे बरीच दुकानं ओळखपत्र मागतात. फोटो असलेलं काही जवळ ठेवावं. सुरी वेष्टण न फोडता, पावतीसकट घरी आणायची.

पोलिसांनी थांबवलं तर: हात खिशात घालायचा नाही. ‘डाव्या खिशात छोटा घडीचा चाकू आहे’ असं तोंडानं सांगायचं आणि हात दिसतील असे ठेवायचे. झडतीआधी पोलिसानं आपलं नाव, पोलीस स्टेशन, काय शोधतो आहे, का आणि कोणत्या कायद्याखाली, हे सांगायचं असतं. नोंदीची प्रत मागता येते. एरवी झडतीला वाजवी संशय लागतो, पण एखाद्या भागात 1994 च्या कायद्याचं कलम 60 जाहीर झालं असेल तर तोही लागत नाही. जत्रा, कार्निव्हल, मोठी मॅच अशा दिवशी चाकू खोलीवरच ठेवावा. कोर्ट, म्युझियम, स्टेडियम यांच्या दारात कायदेशीर चाकूही काढून घेतात, परत मिळेलच असं नाही. आणि हॉस्टेलच्या करारातली हत्यारांबद्दलची अट सही करण्याआधी वाचावी, ती कायद्यापेक्षा कडक असू शकते.

केळीबाग_यावल:
लाल चाकू धुऊन, तेल देऊन चेक-इनमध्ये ठेवला. ओपिनेल बागेतच राहील. विळीला पुठ्ठा लावायचं काम आईनं आधीच सुरू केलं आहे.