शेतकरी जोडायचाय? मग आधी भिंतीवरचा मेनू काढा

पोळपाट (धागाकर्ती)

"थेट शेतकऱ्याकडून" अशी पाटी मी पण लावली होती दुकानाबाहेर, खडूनं लिहून. चार महिने टिकली. मग पुसली.

कोथरूडला माझं पोळीभाजी केंद्र आहे, अकरा वर्षं झाली. मागच्या दिवाळीनंतर आम्ही आसपासचे नऊजण एकत्र आलो, दोन मेसवाले, तीन डबेवाल्या, एक मिसळवाला, एक ज्यूसवाला, एक वडापावची गाडी आणि मी, आणि पुरंदर तालुक्यातले सहा शेतकरी. व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. आम्ही रात्री ऑर्डर टाकायची, पहाटे माल येणार, मधला दलाल गेला की दोघांचं भलं, एवढी सोपी कल्पना होती. होळीपर्यंत ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं उरली.

आता आमच्यातले सगळे सांगतात की शेतकरी नीट माल देत नव्हते. मी वही काढून बघितली हो. माझ्या भिंतीवर मेनू आहे, लॅमिनेट केलेला, सोमवार बटाटा, मंगळवार फ्लॉवर, बुधवार मटकी, गुरुवार भेंडी, असा शनिवारपर्यंत. जानेवारीत त्या सहाजणांच्या रानात काय होतं? वाटाणा, मेथी, पालक, थोडा कांदा. आणि मी गुरुवारी ग्रुपवर विचारतेय, दादा भेंडी आहे का? थंडीत भेंडी! ती मी मंडईतून चढ्या भावानं आणली आणि त्याच दिवशी तोडून ठेवलेल्या वाटाण्याला "आज नको" म्हटलं. वहीत असे "आज नको" तेवीस आहेत. माझ्या एकटीचे.

म्हणून माझं मत, चूक आपली खाणं विकणाऱ्यांची आहे. रानात जे आहे ते आज शिजवायची तयारी नसेल तर शेतकऱ्याशी नातं वगैरे बोलू नये. बोला आता.

---

खादाड बोका

ताई मी तुमच्यासारख्याच एका मेसवर जेवतो. सलग चार दिवस वाटाणा वाढलात तर पाचव्या दिवशी मी समोरच्या मेसमध्ये असेन, सॉरी. गिऱ्हाईकाला शेतकरी दिसत नाही, ताट दिसतं.

पोळपाट

वाटाण्याची उसळ, मटारभात, मटार करंजी, मटार-बटाटा रस्सा, हिरव्या वाटाण्याचं पिठलं. तुम्हाला चार दिवस कळणार पण नाही.

खादाड बोका

करंजी मेसमध्ये कोण देतं हो 😂 पत्ता द्या.

---

गाळेवाला

मार्केट यार्डात वडिलांपासून गाळा आहे, त्यामुळे आधीच सांगतो, मी तो "मधला दलाल". ताईंनी चूक कबूल केली ते बरं वाटलं पण अजून मूळ गोष्ट बोललाच नाहीत, पैसे. तुमच्या नऊजणांपैकी रोख किती देत होते? मेसच्या पोरांचे पैसे येतात महिन्याच्या दहा तारखेनंतर, ऑफिसच्या डब्यांचे त्याहून उशिरा, मग तुम्ही भाजीवाल्याला पंधरा दिवस थांबवता, भाजीवाला मला थांबवतो, आणि मी शेतकऱ्याला मात्र पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, त्याच दिवशी देतो. ही मधली उधारी कोण अंगावर घेतं? वर लागवडीच्या वेळी उचल हवी असते ती वेगळी. आणि माल चाळीस पोती येवो नाहीतर चारशे, सकाळी नऊपर्यंत खपवायचाच, "आज नको" म्हणायची सोय आम्हाला नाही.

बाकी दलाल शेतकऱ्याला लुटतो म्हणणाऱ्यांसाठी, जुलै २०१६ मध्ये सरकारनं फळं-भाज्या नियमनमुक्त केल्या. तेव्हापासून शेतकऱ्याला बाजार समितीच्या बाहेर कुठंही विकता येतं आणि यार्डात आणलं तरी अडत, म्हणजे आमचं कमिशन, खरेदीदाराकडून घेतात, शेतकऱ्याच्या पट्टीतून नाही. रस्ता मोकळा आहे, तरी पहाटे तीनला गाड्यांची रांग आमच्याच दारात लागते. का लागते त्याचा विचार करा.

दिवेघाट

गाळेवाले दादा, रांग लागते कारण आम्हाला दुसरीकडं जायला वेळ नसतो, तुमच्यावर लई प्रेम आहे म्हणून नाही. अडत गेली, बरोबर. हमाली, तोलाई पट्टीत राहिलीच ना. आणि माल उतरवल्यावर "आज आवक जास्त आहे" हे वाक्य मी एवढ्यांदा ऐकलंय की आवक कमी असलेला दिवस कसा असतो ते माहीत नाही.

मी पुरंदरचाच. ताईंच्या ग्रुपात नव्हतो पण असल्या दोन ग्रुपात होतो. एका हाटेलवाल्यानं सहा किलो गवार सांगितली. सहा किलो! आमच्या गावातनं छोटा हत्ती भरून यार्डात जातो, दिवे घाट उतरून, हडपसरवरनं, पोत्यामागं भाडं ठरलेलं. त्याला मी सांगू का की बाबा सहा किलोसाठी कोथरूडला वळव? मोटारसायकलीवर नेली एक-दोनदा. पेट्रोल, अर्धा दिवस, आणि तिथं गेल्यावर साहेब झोपलेले. गवार तोडायला बायांची हजेरी वेगळीच. आता गवार नको आणि पुणं पण नको असं झालं.

आमच्या शेजारच्या सात गावांत विमानतळाच्या भूसंपादनाची टांगती तलवार आहे, तिकडं माणसं रान राहणार का जाणार या काळजीत, आणि इकडं शहरातनं मेसेज येतो की "भाजीचे छान फोटो पाठवा, इन्स्टाला टाकायचेत". असो, विषय वेगळा आहे.

---

तर्रीबाज

मी हॉटेलवाला, शेतकऱ्याची दुसरी बाजू पण ऐका. २०२३ ला मी जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याशी टोमॅटोचं ठरवलं होतं, वर्षभर २५ रुपये किलो, जागेवर पोच. तोंडी, पण दोघांनी चहावर हात मिळवून. जुलैमध्ये टोमॅटो शंभरच्या वर गेला, आठवतंय ना सगळ्यांना? साहेबांचा फोन बंद. मग फोन लागला तर म्हणे गाडी पंक्चर, मग म्हणे माल संपला. आणि तोच माल नारायणगावात क्रेटच्या भावानं जात होता. मी शंभरनं टोमॅटो घेतला आणि कटाच्या दोन वाट्या पाण्यानं वाढवल्या, खोटं कशाला बोलू. तर नातंबितं ठीक आहे, भाव वर गेला की सगळे बाजाराचेच.

दिवेघाट

त्याच वर्षी मे महिन्यात टोमॅटोला काय भाव होता? शेतकरी रस्त्यावर ओतत होते, तोडणीचे पैसे निघत नव्हते. तेव्हा तुम्ही २५ नं घेतला का त्याच्याकडनं?

गाळेवाला

😀 पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तर्रीबाज

मे मध्ये... थोडा घेतला. मग बाजारात चार-पाच रुपयांनी मिळत होता तर तिथून घेतला. तोंडावर नाही म्हटलं नव्हतं, ऑर्डर कमी केली. ठीक आहे, पॉइंट कळला.

पोळपाट

तर्रीबाज दादा, खरं लिहिलंत याबद्दल मिसळ खायला येणार तुमच्याकडे. मला नेमकं हेच म्हणायचंय. माझे तेवीस "आज नको" आणि तुमचा मे महिना एकच आहे, फक्त शेतकऱ्याचा जुलै आपल्याला लक्षात राहतो. आणि मेनू बदलता येत नाही म्हणता ना, त्याच जुलैमध्ये मॅकडोनाल्डनं उत्तर आणि पूर्व भारतात बर्गरमधून टोमॅटो काढून टाकला होता. एवढी मोठी कंपनी काढते आणि माझ्या भिंतीवरचा कागद निघत नाही!

गाळेवाला

त्यांनी स्वतःचा तोटा वाचवायला काढला हो ताई, शेतकऱ्यासाठी नाही. उदाहरण उलटं पडतंय.

पोळपाट

पडू दे. निघतो एवढं तर सिद्ध झालं.

---

हिशेबी

मला या धाग्यातल्या कुणाचंच पटत नाहीये. सुरुवातच पालेभाजीपासून केली ही चूक. मेथीची जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकते, तिच्यावर कसली नाती बांधताय! तांदूळ, डाळ, गूळ, ज्वारी, हळद यांच्यापासून करा. वर्षातून एकदा व्यवहार, एक टेम्पो, घासाघीस एकदाच. मी तीन वर्षं भोरच्या एका बचतगटाकडून इंद्रायणी घेतोय, भात झोडला की त्या फोन करतात, निम्मे पैसे तेव्हा, निम्मे पोच झाल्यावर. एकदाही भांडण नाही. इंद्रायणी आपल्याच मातीतला आहे, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं काढलेला, तो सोडून आपण कुठल्या कुठल्या ब्रँडची पोती घेतो.

डबेवाली काकू

मी ताईंच्या त्या नऊमधली आहे, बोलणार नव्हते पण इंद्रायणीवर बोलते. घरी छान. डब्यात चार तासांनी त्याचा गोळा होतो, पोरं म्हणतात काकू आज शिरा दिलाय का. मेसला कोलमच लागतो. तुम्ही घरचं खाता, आम्हाला विकायचंय.

आणि ताई, आपल्या ग्रुपवरून आलेल्या मेथीचं लिहायचं राहिलं. मी पंचवीस जुड्या सांगितल्या, आल्या चाळीस, पावसात भिजलेल्या, मुळासकट मातीचे गोळे. त्या निवडायला माझ्या दोन बाया दीड तास बसल्या आणि त्या दिवशी चपात्या बाहेरून घ्याव्या लागल्या. मंडईतला माझा भाजीवाला खराब निघाली तर दुपारी बदलून देतो, फोनवर. त्याला मी दलाल म्हणणार नाही, तो माझा माणूस आहे. चांगल्या-वाईटाला पंधरा वर्षं उभा राहिलाय. मग समूह समूह म्हणताना त्याला का बाहेर ठेवला आपण? त्याला ग्रुपात घेऊ असं मी पहिल्या मीटिंगला म्हटलं होतं, सगळे हसले होते.

पोळपाट

हसणाऱ्यात मी होते काकू. बरोबर आहे तुमचं.

---

परदेशी पाहुणा

इथे न्यू जर्सीत आम्ही एका शेताचे सभासद आहोत. सीझन सुरू व्हायच्या आधी सगळे पैसे भरायचे आणि मग दर आठवड्याला शेतात जे निघेल ते खोक्यात घालून मिळतं. निवडायचा हक्क नाही. गेल्या वर्षी सलग पाच आठवडे केल (kale) नावाची पालेभाजी, तिची भाजी, भजी, थालीपीठ, शेवटी झाडांना घातली. पण जोखीम वाटली जाते, शेतकरी एकटा बुडत नाही. पुण्यात का नाही करत असं?

गाळेवाला

आधी पैसे? इथे नंतर पण मिळवायला तीन फोन करावे लागतात.

खादाड बोका

झाडांना घातली 😂😂 म्हणजे पाचव्या दिवशी तुम्ही पण समोरच्या मेसमध्येच.

ऐकूनघ्या

एक आठवण करून देतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मार्केट यार्ड बंद होतं तेव्हा हेच सगळं जमलं होतं. शेतकऱ्यांचे गट सोसायट्यांच्या गेटवर टेम्पो लावायचे, लोक रांगेत, पैसे आधी गूगल पे, जे असेल ते घ्यायचे, तक्रार नाही. आमच्या सोसायटीत त्या शेतकऱ्याला लोक दादा-दादा करत होते. यार्ड उघडलं, दहा मिनिटांत भाजी आणून देणारी ॲप आली, आता त्या दादाचा नंबर पण कुणाकडे नाही. तेव्हा अडचण होती म्हणून जमलं, अडचण गेली की आपण सगळे पूर्ववत.

हिशेबी

सरकारनं पण २०१६ पासून संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार सुरू केलेत की, पुण्यात बरेच ठिकाणी भरतात. शेतकरी एका जागी येतो, त्याचं भाडं वसूल होतं. हॉटेलवाले तिथं का जात नाहीत?

तर्रीबाज

कारण तो आठवड्यातून एकदा, आणि मला कोथिंबीर रोज लागते.

---

दिवेघाट

आता माझं ऐका, मग तुम्ही भांडत बसा. ताईंचं मेनूचं पटलं, काकूंचं भाजीवाल्याचं त्याहून पटलं. आमचा वाटाणा गणपतीच्या आसपास निघतो. माझा आणि भावाचा मिळून रोज दोन पोती तरी देऊ शकतो, तीन आठवडे. गाडी यार्डात जातेच. काकूंचा भाजीवाला पहाटे यार्डात येतच असणार. त्यानं तिथं गाडीतनंच उतरवून घ्यावा आणि तुम्हा नऊजणांना वाटावा, त्याची मजुरी तुम्ही द्या, मी नाही. भाव आत्ता ठरवायचा, यार्डात वर गेला तरी मी बदलणार नाही, खाली आला तरी तुम्ही नाही. पैसे आठवड्याला शनिवारी, रोख किंवा फोनवर, पण शनिवारी म्हणजे शनिवारी. शेंगा कोरड्या देतो, भिजलेल्या नाही, पाऊस लागला तर त्या दिवशी नाही. फोटो पाठवणार नाही.

डबेवाली काकू

भाजीवाल्याला विचारलं. किलोमागं दोन रुपये म्हणतोय. आणि म्हणतोय की पहिल्या मीटिंगला कोण कोण हसलं होतं?

पोळपाट

त्याला म्हणावं मी, आणि चहाला बोलावलंय. दोन जरा जास्त होतात, दीड करा ना काकू. तीन आठवड्यांसाठी सोमवार ते शनिवार मटारचे पाच प्रकार लिहून काढलेत, लॅमिनेट नाही करत आहे.

दिवेघाट

पोचवणाऱ्या माणसाशी आठ आण्यासाठी घासाघीस आणि धागा काढलाय नात्याचा.

पोळपाट

बरं. दोन.

खादाड बोका

करंजी कुठल्या वारी आहे तेवढं सांगा.