पडद्यावरची सोशीक सून आणि वावरातली बाई

सिनेमा हा समाजाचा केवळ आरसा असतो, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अपुरे वाटते, कारण आरसा समोरचे काही गाळत नाही. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत कापसाची वेचणी आणि निंदण ही कामे प्रामुख्याने बायाच करतात, तरीही शेतकरी म्हटले की पडद्यावर नांगर धरलेला पुरुषच उभा राहतो आणि बाई दिसते ती शिदोरी घेऊन बांधावर येताना. ‘सैराट’मधली (२०१६) आर्ची ट्रॅक्टर चालवते, हा बदल मोठाच, मात्र तो ट्रॅक्टर पाटलाच्या लेकीच्या हाती आहे, रोजमजुरीच्या बाईच्या नव्हे, याची चर्चा फारशी झाली नाही.

पूर्व विदर्भातल्या दंडार या लोकनाट्यात स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच रंगवत आले, म्हणजे लाजणे-मुरडणे शिकून येते हे गावाला ठाऊक होते. मुलीत मात्र ते उपजत असावे, अशी अपेक्षा!

या साऱ्याचा हिशेब शेवटी सातबाऱ्यावर होतो. २००५च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला, तरी बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत सुटलेली नाही, आणि भावासाठी सर्वस्व सोडणाऱ्या ज्या नायिकेसाठी आपण डोळे पुसत आलो, तिने ही रीत अधिकच सोपी केली आहे.