कावळ्याची हाक: ओंजळीतली पिपाणी की शेतातला भोंगा?

तापीकाठ (चोपडा तालुका)
उन्हाळी भुईमूग टोकून पाणी दिले की पुढचे आठ-दहा दिवस कावळे ओळी धरून चालतात आणि ओल्या मातीतला दाणा उकरून खातात. नांग्या (रिकाम्या राहिलेल्या जागा) भरायला पुन्हा बियाणे आणि पुन्हा मजुरी लागते. आमच्या शिवारात यावर उपाय म्हणून काही जणांनी भोंगे लावले आहेत आणि त्यांवर कावळ्याच्या किंकाळीचे ध्वनिमुद्रण सूर्योदयापासून अंधार पडेपर्यंत वाजत असते. माझा या भोंग्यांना विरोध आहे.

अमेरिकेतल्या भाच्याने मला कावळ्याची एक पिपाणी आणून दिली. ती लाकडी असून तिच्यात पातळ पाते बसवलेले आहे. तिकडचे शिकारी आडोशाला बसून ती फुंकतात, ओंजळ उघडझाप करून आवाज जवळचा किंवा दूरचा भासवतात आणि घुबडाला घेरलेल्या कावळ्यांचा कलकलाट हुबेहूब काढतात. तो ऐकून आसपासचे कावळे मदतीला धावतात आणि बंदुकीच्या टप्प्यात येतात. तिथे ही शिकार कायदेशीर आहे, मात्र एका राज्यात वर्षाला 124 दिवसांहून अधिक हंगाम ठेवता येत नाही आणि अंडी-पिल्लांच्या ऐन भरात शिकारीला मनाई असते. मला कावळा मारायचा नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की कावळ्याच्या बोलीत बोलायचेच असेल, तर ते माणसाने स्वतःच्या श्वासाने, डोळे उघडे ठेवून बोलावे. पिपाणी फुंकणारा कावळ्याकडे पाहत असतो आणि काम झाले की थांबतो. भोंग्याला थांबायचे कधी हे कळत नाही.

गिरणाकाठचा शेतकरी
नाना, तुमची तळमळ मला समजते, पण माझ्या सात एकर मक्याच्या कडेला दिवसभर पिपाणी घेऊन बसणार कोण? पूर्वी माळ्यावर गोफण घेऊन बसणारी घरची माणसे होती. आज मुले जळगाव-नाशिकला आहेत आणि राखणीला माणूस मिळत नाही. एकच आवाज सतत वाजला की कावळा आठवडाभरात त्याला सरावतो, हे मीही पाहिले आहे, म्हणून मी भोंग्याची जागा दर दोन दिवसांनी बदलतो आणि दुपारी तो बंद ठेवतो. दोष यंत्राचा नाही, ते बेपर्वाईने वापरण्याचा आहे.

सातपुड्याची लेक (यावल)
मला दोघांचेही म्हणणे पटत नाही, आणि नानांचे तर अधिकच धोक्याचे वाटते, कारण त्यांनी वर्णन केलेली हाक कावळे पळवणारी नाही, ती कावळे गोळा करणारी आहे. शिकाऱ्याला ते जवळ हवे असतात म्हणून तो ती फुंकतो. तुम्ही शेतात बसून ती फुंकलीत तर चार कावळ्यांचे चाळीस होतील. शिवाय तिकडचा कावळा वेगळ्या जातीचा आहे. आपल्याकडे राखी मानेचा गावकावळा आणि पूर्ण काळा डोमकावळा आहे, आणि या दोघांचे आवाजही एकमेकांपासून वेगळे आहेत. लाकडाच्या एका पात्यातून यांपैकी कोणाची बोली निघते, हे आधी तपासा.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात पक्षी-अभ्यासक जॉन मार्झलफ यांनी 2006 साली विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले व सोडून दिले. त्यानंतर वर्षानुवर्षे तो मुखवटा दिसताच कावळे कल्लोळ करत, आणि पकडले न गेलेले कावळेही त्यात सामील होत. जो पक्षी माणूस ओळखून ठेवतो, त्याला खोटी हाक देऊन आपण काय शिकवतो आहोत?

आणि काळ पाहा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण घागर भरतो, पितरांचा घास ठेवतो आणि कावळा केव्हा शिवतो याची वाट पाहतो. त्याच सुमारास बांधावरच्या निंबावर त्याचे घरटे असते. नांगरामागे पिकाची मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या वेचणारा पक्षीही तोच आहे, हे भुईमूगवाल्यांनी तरी विसरू नये.

पांझराकाठ
एवढा विचार कशाला करायचा? आमचे आजोबा एक कावळा मारून काठीला टांगत आणि पुढे महिनाभर शेत निर्धास्त असे. सरकारच्या यादीतही कावळा उपद्रवीच आहे.

सातपुड्याची लेक
दादा, ही माहिती जुनी झाली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर व वटवाघळांबरोबर कावळा उपद्रवी म्हणून होता, हे खरे. मात्र 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि ती दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. त्या यादीचा आधार घेऊन आज कोणी कावळा मारू नये.

तापीकाठ
ताई, तुमचा पहिला आक्षेप मला मान्य करावा लागेल, कारण तो माझ्या शेतात खरा ठरला. पहिल्या सकाळी मी पिपाणी फुंकली तेव्हा पंचवीस-तीस कावळे निंबावर जमले, माझ्या डोक्यावर घिरट्या घालत राहिले आणि बराच वेळ हलले नाहीत. मी घाबरून पिपाणी खिशात ठेवली, तेव्हा कुठे ते हळूहळू पांगले. तरीही मी म्हणेन की मला थांबता आले. माझ्या जागी भोंगा असता तर तो कलकलाट संध्याकाळपर्यंत चालला असता आणि घरट्यावरच्या माद्याही अंडी सोडून आल्या असत्या. यापुढे ती हाक मी शेतात काढणार नाही. उगवण होईपर्यंतचे आठ दिवस मी स्वतः बांधावर बसेन, दाणा थोडा खोल टोकेन आणि हाताने टाळी वाजवेन.

गिरणाकाठचा शेतकरी
तुमचे आठ दिवस आणि तुमचा एक एकर, नाना. माझा भोंगा राहील. मात्र रात्री दहा ते सकाळी सहा तो वाजवायला 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे, आणि मी आजवर पाचलाच सुरू करत होतो. तेवढे उद्यापासून बदलतो.