अळीचं वय आणि मृत्यूची वेळ

"प्रेतावरच्या अळ्यांवरून मृत्यूची वेळ कळते" असं म्हणतात, त्यात थोडी भर. कळतं ते अळीचं वय, म्हणजे माशीने अंडी घालून किती दिवस झाले ते. मृत्यू त्याच्या आधीचा, कधी बराच आधीचा.

स्कॉटलंडमध्ये मॉफटजवळच्या एका घळीत २९ सप्टेंबर १९३५ रोजी वर्तमानपत्रांत आणि कपड्यांत गुंडाळलेले मानवी अवयव सापडले. दोन बायकांचे. त्यांवरच्या अळ्या ग्लासगो विद्यापीठाच्या डॉ. मर्न्स यांनी तपासल्या: वय १२ ते १४ दिवस. इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या डॉ. बक रक्स्टनची बायको आणि घरातली दाई साधारण १५ तारखेपासून बेपत्ता होत्या. हिशेब जुळला. (हा रक्स्टन मूळचा आपल्या मुंबईचा पारशी, हकीम आडनावाचा!) १९३६ मध्ये तो फासावर गेला.

पण निव्वळ अळ्यांमुळे नाही हं. त्यातल्या एका वर्तमानपत्राची ती खास आवृत्ती लँकेस्टर-मोरकम भागातच वाटली गेली होती, ते जास्त भोवलं.

आणि तापमान विसरू नका, गारठ्यात अळी हळू वाढते. वाढीचा वेग माशीच्या जातीवरही ठरतो. म्हणून सापडलेल्यांपैकी काही अळ्या आहेत त्याच वयात गरम पाण्यात मारून जपतात, तर काही जिवंत ठेवून माशी होईपर्यंत वाढवतात, कारण कोवळ्या अळीवरून माशीची जात ओळखणं महाकठीण.